पळा, पण नाव सांगून!

रविवार, सकाळचे साडेसहा. बोरिवलीचं नॅशनल पार्क. गेटपासून कान्हेरीच्या गुंफांकडे जाणाऱ्या रस्त्यावर नेहमीचीच गर्दी. मॉर्निंग वॉकवाले आजोबा, सायकलवाली पोरं आणि जानेवारीतल्या मॅरेथॉनसाठी घाम गाळणारे माझ्यासारखे हौशी. माझ्यापुढे पळणारा एक जण अचानक डगमगला आणि सरळ आडवाच झाला.

वय तिशीच्या आसपास. श्वास चालू, पण शुद्ध हरपलेली. कुणीतरी १०८ला फोन लावला. मग सगळ्यांचा एकच प्रश्न, 'हा कोण? बरोबर कुणी आहे का?' कुणीच नव्हतं. खिशात पन्नासची नोट, घराची किल्ली आणि महागडा फोन. लॉक्ड! त्याचं बोट लावून पाहिलं, पण घामाने काही तो उघडेना.

अॅम्ब्युलन्समध्ये मीच बसले, तो फोन हातात धरून. घरचं कुणीतरी करेलच की! फोन वाजला तो हॉस्पिटलात पोचल्यावर. 'साब, आज गाडी धोना है क्या?' सोसायटीत गाड्या धुणारा भैया होता. मी सगळं सांगितलं, तसा तो धावत वर गेला, बेल वाजवली आणि पाच मिनिटांत त्याची बायको लाइनवर. त्याला डायबिटिस होता, इन्शुलिन चालू होतं. डॉक्टरांनी तोवर शुगर तपासली होती, म्हणून निभावलं. पण डोस किती, कधी घेतला, हे त्या माउलीशिवाय कुणाला ठाऊक असणार?

खरं तर यावर उपाय जुनाच आहे. २००५ साली बॉब ब्रॉची नावाच्या ब्रिटिश पॅरामेडिकने सुचवलं, की घरच्यांचा नंबर मोबाइलमध्ये 'आइस' नावाने सेव्ह करा. 'इन केस ऑफ इमर्जन्सी'ची आद्याक्षरं. त्याच वर्षी ७ जुलैला लंडनमध्ये बॉम्बस्फोट झाले आणि ही आयडिया जगभर पोचली. पण आज फोनच लॉक असतो, मग आतला 'आइस' दिसणार कुणाला?

मॅरेथॉनच्या बिबमागे ही माहिती लिहायला जागा असते, हे मान्य. पण मॅरेथॉन वर्षातून एक दिवस. बाकीच्या सकाळी आपण बिनबिबचेच पळतो, नाही का?

घरी आल्यावर मी माझं कार्ड लिहायला बसले आणि पहिल्याच ओळीला अडले. आई कोल्हापूरला, शिवाय अनोळखी नंबर ती उचलतच नाही. रूममेट रविवारी दहाच्या आत उठत नाही. म्हणजे नंबर लिहून भागत नाही, पलीकडचा माणूसही तयार हवा. शेवटी दोघींना बजावलं, 'सकाळी अनोळखी नंबर आला तर उचलायचा!'

एवढं कराच

- लॉक स्क्रीन : आयफोनमध्ये 'मेडिकल आयडी' भरा आणि तो लॉक असतानाही दिसेल असं सेटिंग करा. अँड्रॉइडमध्ये 'इमर्जन्सी इन्फॉर्मेशन' शोधा.
- कागद : बॅटरी संपते, फोन फुटतो. स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून छोटं कार्ड लॅमिनेट करून घ्या. बुटाच्या लेसला बांधा किंवा कमरेच्या पाउचमध्ये ठेवा.
- काय लिहाल : पूर्ण नाव, ब्लड ग्रुप, आजार, चालू औषधं, अॅलर्जी. घरचा पत्ता नको, खिशात किल्लीही असते!
- नंबर दोन : एक घरच्यांचा, एक जवळपास राहणाऱ्याचा. तुमच्याबरोबर पळणाऱ्याचा नको. त्याचा फोन कदाचित बॅगेत असेल.
- ट्रेकला : रेंज नसते. कुठे जाताय आणि कधी परतणार, हे निघण्याआधीच घरी सांगा.
- दुसरं कुणी पडलं तर : लॉक फोनवरही 'इमर्जन्सी'चं बटण असतं. तिथून ११२ लागतो आणि मालकाने भरली असेल तर माहितीही दिसते.

महिन्याभराने तो मला पार्कात पुन्हा दिसला. पळत नव्हता, चालत होता. बुटाच्या लेसला लॅमिनेट केलेलं कार्ड. मी वाकून वाचलं. दोन नंबर होते. एक बायकोचा, दुसरा गाडी धुणाऱ्या भैयाचा.