पंच उदुंबर व वटवृक्ष

वड, पिंपळ, उंबर, पाकर व कठूमर या पाच झाडांची फळे खाऊ नयेत, हा नियम आपल्या घरांतून बालपणीच लावला जातो. त्या फळांत त्रस जीव असतात. आचार्य अमृतचंद्रांनी 'पुरुषार्थसिद्ध्युपाय' ग्रंथात मद्य, मांस व मधु यांच्या जोडीने त्यांचा त्याग सांगितला आहे. ते जीव तेथे करतात काय, हे मात्र आम्हांस उतारवयातच कळले.

वडाचे फळ म्हणजे वास्तविक आत वळलेला फुलोरा होय. गांधीलमाशीच्या कुळातील एक अतिसूक्ष्म मादी टोकाच्या अरुंद छिद्रातून आत शिरते. शिरताना तिचे पंख गळून पडतात. बरोबर आणलेले पराग ती फुलांस देते, काही फुलांत अंडी घालते व तेथेच मरते. तिच्या संततीतील नर बिनपंखी असतात. ते फळाची भिंत कोरून वाट करून देतात आणि पराग घेतलेल्या माद्या त्या वाटेने दुसऱ्या वडाकडे निघतात. वडाचा कीटक निराळा, पिंपळाचा निराळा. झाड व कीटक यांचा वंश एकमेकांवाचून चालत नाही.

या मादीचे आयुष्य एक-दोन दिवसांचे. तेवढ्यात योग्य वेळेचे फळ धरलेले झाड सापडले पाहिजे. म्हणूनच मुलखातील सर्व वड एकदम फळत नाहीत. एकाचा बहर सरतो तो दुसऱ्याचा लागतो. इतर झाडे रिकामी असता हरियाल, तांबट, मैना, वटवाघळे, तसेच दांडेलीच्या रानातील धनेश यांचा निर्वाह या फळांवर होतो. बी पसरविण्याचे काम तीच पाखरे करतात. आमच्या धंद्यातील बारमाही कोठाराचीच ही रीत म्हणावी.

वडाचे इंग्रजी नाव 'बनियन' हे आपणां वाण्यांवरूनच पडले. इराणी आखातातील गोंब्रून बंदराजवळ एका वडाखाली हिंदी वाणी लोक जमत. त्यावरून युरोपीय प्रवाशांनी झाडासच ते नाव दिले. भगवान ऋषभदेवांस केवलज्ञान झाले तेही वटवृक्षाखाली. असे असूनही पुणे-बेंगळूर रस्ता रुंद होताना दुतर्फाचे वड गेले, तेव्हा आम्ही कोणी हळहळलो नाही. एक झाड पडले की एक-दोन दिवस जगणाऱ्या त्या मादीचा पुढला मुक्काम तेवढा दूर जातो.

आम्ही स्वतः उंबर कधी चाखला नाही, परंतु वटवाघळे पोत्यांवर घाण करतात म्हणून वखारीसमोरचा उंबर तोडविला. खोडाला लगडलेली फळे मजुरांच्या पायांखाली फुटत होती व आतून किडे बाहेर येत होते. गेल्या पावसाळ्यात सांबऱ्यास बांधावर वडाच्या मनगटाएवढ्या जाड तीन फांद्या रोवल्या. दोन फुटल्या आहेत.