नकली डब्याचं देणं

चिमूरचं नाव इतिहासात येतं ते 16 ऑगस्ट 1942च्या क्रांतीमुळे. त्यापुढचं चिमूर पुस्तकांत फारसं भेटत नाही. एका अंगाला ताडोबाचं जंगल, बाकी धानाच्या बांध्या आणि रेल्वेचा पत्ता नाही, असं हे तालुक्याचं गाव. तरी नव्वदच्या दशकात इथल्या पोट्ट्यांना क्योटोच्या निन्टेन्डो कंपनीचा मारिओ चांगला ओळखीचा होता. ही ओळख कंपनीनं करून दिली नाही. ती करून दिली नकली मालानं, आणि त्याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं.

अस्सल यंत्र ‘फॅमिकॉम’. ते 15 जुलै 1983 रोजी जपानमध्ये बाजारात आलं, किंमत 14,800 येन. कंपनीचे अध्यक्ष हिरोशी यामाउची यांना स्वस्त यंत्र हवं होतं आणि अभियंता मासायुकी उएमुरा यांनी प्रत्येक भागात काटकसर केली. कामाची मेमरी अवघी 2 किलोबाइट. 1985चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा आख्खा गेम 40 किलोबाइटमध्ये बसवला होता. मोबाइलवर येणारा सकाळच्या शुभेच्छांचा फोटोही त्याहून मोठा भरतो. जागा वाचवायला त्यातले ढग आणि झुडपं एकाच चित्रातून काढलेली आहेत, फरक फक्त रंगाचा.

ही काटकसरच नकलाकारांच्या पथ्यावर पडली. 1985 साली अमेरिकेत गेलेल्या यंत्रात कंपनीनं कुलपाची चिप घातली आणि कॅसेट 72 पिनांची केली. जपानी यंत्राची कॅसेट 60 पिनांची आणि बिनकुलपाची होती. मग तैवान-चीनच्या कारखान्यांनी त्याच्या नकला काढल्या आणि पुढे आख्खं यंत्र एका चिपमध्ये कोंबलं. रशियात ते ‘डेंडी’ झालं, पोलंडमध्ये ‘पेगासस’. आपल्याकडे ‘समुराई’, ‘लिटल मास्टर’ ही नावं चालली, आणि मागाहून नावगाव नसलेले असंख्य डबे आले.

आमच्या भागात हे डबे यायचे नागपूरहून, बर्डीतल्या मोदी नंबरच्या गल्ल्यांतून, एसटीत मांडीवर ठेवून. डबा उघडला की आत बहुतेक पोकळीच. मधोमध हिरवी पट्टी, तिच्यावर डांबर ओतल्यासारखा काळा टिपका. सगळी करामत त्या टिपक्याखाली. वायर टीव्हीच्या अँटेनाच्या जागी खोचायची आणि मुंग्यांतून चित्र उमटेपर्यंत चॅनेलची कळ फिरवत बसायचं. गेम लागला नाही की कॅसेट काढून फुंकर मारायची. खरा गुण फुंकरीचा नव्हताच. कॅसेट काढून परत बसवली की पिना नीट टेकत, एवढंच. कॅसेटवर ‘9999 इन 1’ छापलेलं असायचं आणि आत वीस-पंचवीस गेम, तेच ते नावं आणि रंग बदलून. फसवणूक आम्हाला कळत होती, पण तक्रार करावी असं कोणालाच वाटलं नाही. ज्याच्या घरी डबा त्याच्या ओसरीत चपलांचा ढीग, आणि दर दोन मिनिटांनी एकच ओरड: “आता माहा डाव आहे बे!”

नक्कल जपानी यंत्राची, म्हणून खेळही जपानचेच आले. नामकोचा 1985चा ‘बॅटल सिटी’, म्हणजे आमचा टँकवाला गेम, त्या काळी अमेरिकेत अधिकृतपणे विकायलाच आला नाही. न्यूयॉर्कच्या मुलाला जो सहसा दिसला नसता तो चिमुरात पाठ होता. दोघांनी मिळून तळावरचा गरुड सांभाळायचा, असे 35 टप्पे. भावाभावांत भांडण लागायचं ते नेमकं इथंच, कारण आपल्याच टँकची गोळी लागली की गडी काही वेळ जागेवर खिळून राहायचा.

‘कॉन्ट्रा’त तीस लाईफ मिळवायची युक्तीही अशीच पोचली. वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए. हा क्रम कोनामीच्या काझुहिसा हाशिमोतो यांनी ‘ग्रेडियस’ची चाचणी सोपी व्हावी म्हणून घातला होता. आमच्याकडे तो मामाच्या गावाहून, उन्हाळ्याच्या सुट्टीत, तोंडातोंडी आला. बहुतेक कॅसेटींत खेळ राखून ठेवायची सोय नव्हती. दुर्गापूरचं महाऔष्णिक वीज केंद्र आमच्याच जिल्ह्यातलं, 1997मध्ये त्याची क्षमता 2,340 मेगावॅट झाली. पण चिमुरात लाईन गेली की मारिओ पुन्हा पहिल्या टप्प्यावर.

निन्टेन्डोच्या हिशेबात या यंत्राची विक्री 6 कोटी 19 लाखांवर आहे. त्यात आमचे डबे नाहीत. कंपनीचा हक्क बुडाला हे खरंच, आणि त्यावर पांघरूण घालायचं कारण नाही. पण अस्सल मालाला गिऱ्हाईक म्हणून चिमूर कधी दिसलंच नव्हतं. जे आम्हाला विकायलाच कोणी आलं नाही, ते नकलेनं आणून दिलं. 2024च्या ऑक्टोबरात कंपनीनं क्योटोजवळ उजी इथं आपलं संग्रहालय उघडलं. आपल्या बाजूची नोंद आपणच ठेवायची आहे. ती टीव्ही दुरुस्तीच्या दुकानांत आणि तासाच्या भाड्यानं गेम लावणाऱ्यांच्या आठवणीत आहे. ती माणसं अजून आहेत. वही घेऊन त्यांच्याकडे जायला हवं, आणि ते काम स्थानिक इतिहासाचंच आहे.