पांढरा पट्टा बांधण्यापूर्वी

हल्ली कराटेच्या वर्गात मुलांबरोबर आई-बाबाही नाव नोंदवतात. वर्ग एकच असला, तरी शरीरे वेगळी असतात. वाढत्या मुलांच्या हाडांच्या टोकांशी वाढीचा कूर्चेचा थर असतो. तो सांध्याच्या अस्थिबंधांपेक्षा कमकुवत असतो. म्हणून मार लागून सांधा सुजला, तर मुरगळला समजून चोळू नये, डॉक्टरांना दाखवावे. मोठ्यांचे स्नायू काही आठवड्यांत बळकट होतात. त्यांना हाडाशी जोडणाऱ्या कंडरांना मात्र जास्त वेळ लागतो. त्यामुळे उंच लाथांची घाई नको. चाळिशी उलटलेल्यांनी, विशेषतः रक्तदाब किंवा मधुमेह असल्यास, आधी तपासणी करून घ्यावी. सराव करताना छातीत दुखले, तर लगेच थांबून रुग्णालय गाठावे. डोक्याला मार लागून गरगरले, तर लहान असो वा मोठा, डॉक्टरांनी तपासल्याशिवाय पुन्हा मॅटवर उतरू नये.