रांगतं मूल घरात आहे? मग जिन्याला फाटक लावाच

गावोगावी स्लॅबची घरं झाली, जिने आले. कठडा मात्र 'नंतर बघू' म्हणून राहून जातो. मागच्या सुगीत आम्ही सगळे सोयाबीन भरण्यात गुंतलो होतो. तेवढ्यात दहा महिन्यांची पुतणी चार पायऱ्या चढून गेली. वेळेत दिसली म्हणून निभावलं.

बरेच जण जिन्याला बाज आडवी लावतात. पण मूल विणीत पाय घालून तीच चढतं, अन् बाज अंगावर येते. त्यापेक्षा फॅब्रिकेशनवाल्याकडून लहान फाटक करून घ्या. त्याला एवढं सांगा:

– उंची किमान अडीच फूट.
– सळ्या उभ्याच. आडव्या सळ्यांची शिडी होते.
– दोन सळ्यांत अडीच इंचांपेक्षा जास्त फट नको, डोकं अडकतं. फाटकाखाली दीड इंचाच्या आत.
– वेल्डिंगची टोकं ग्राइंडरनं घासलेली.

जिन्याच्या वरच्या तोंडाला फाटक भिंतीत पक्कं बसवा. ते घराच्या बाजूला उघडावं, पायऱ्यांकडं नाही. बाजारात दोन भिंतींत दाबून बसवायचं फाटक मिळतं, ते फक्त खालच्या पायरीशी चालेल. वर लावलं तर धक्क्यानं निसटू शकतं, खालची पट्टीही पायात येते.

भिंतीचं प्लास्टर पोकळ वाजत असेल तर तिथं स्क्रू धरत नाही, जागा बदला. बसवल्यावर जोरात हलवून बघा.

मूल दोन वर्षांचं झालं किंवा फाटकावर चढू लागलं, की फाटक काढा. तोवर कठडा मात्र करून घ्या. आणि येता-जाता कडी लावायला विसरू नका.