दोदोल कुणाचा?

माझं बालपण म्हापशात गेलं. शुक्रवारच्या बाजारात हिंडून मोठी झालेली बाई जगात कुठंही गेली, तरी आधी तिथला बाजार शोधते. मुलीच्या नोकरीमुळे मलेशियातल्या मलाक्का गावी सहा महिने राहण्याचा योग आला, तेव्हा मीही तेच केलं. नातू पाच वर्षांचा, तिथंच वाढलेला. मनात एकच धास्ती होती. या पोराच्या जिभेला ‘आपलं’ म्हणून काही ठाऊक होईल का?

मलाक्का हे मुळातच बाजाराचं गाव. साधारण १४०० साली वसलेलं हे बंदर. गुजरातची आणि तमिळ किनाऱ्यावरची गलबतं एका वाऱ्याबरोबर इथं येत आणि परतीचा वारा सुटेपर्यंत मुक्काम करत. चीन आणि जावाचे व्यापारी इथंच भेटत. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला इथं राहून गेलेल्या तोमे पिरिश या पोर्तुगीजानं गावात ८४ भाषा बोलल्या जात असल्याचं लिहून ठेवलं आहे. मुक्काम महिनोन् महिने म्हटल्यावर लग्नं होणार, संसार थाटले जाणार आणि एका चुलीवर दोन देशांचा स्वयंपाक शिजणार, हे ओघानं आलंच.

तिथले ‘चिट्टी’ लोक हे याचं बोलकं उदाहरण. तमिळ व्यापारी आणि तिथल्या बायका यांचे हे वंशज. तमिळ भाषा विसरले, घरात मलाय बोलतात, पण देव विसरले नाहीत. संक्रांतीच्या आदल्या दिवशी आपण भोगी करतो ना, त्याच दिवशी तेही भोगी पाळतात आणि पूर्वजांसाठी केळीच्या पानावर जेवण वाढतात. त्या पानावर मलाय पद्धतीचे गोड पदार्थही असतात.

पहिल्या आठवड्यात मी ‘लिटल इंडिया’त गेले. तमिळ मिठाईवाल्याच्या काचेमागे लाडू, जिलेबी, म्हैसूरपाक, शेजारी मुरुक्कू म्हणजे आपली चकली. जीव भांड्यात पडला. ‘अक्का, काय देऊ?’ असं त्यानं तमिळमध्ये विचारलं, मी खुणेनं लाडू मागितले. ही मिठाई त्या मानानं अलीकडची. इंग्रजांच्या काळात मळ्यांवर, रेल्वेवर कामाला आलेल्या तमिळ कुटुंबांबरोबर ती आली आणि बहुतेक जशीच्या तशी राहिली. नातवानं लाडवाचा एक घास घेतला आणि बाजूला ठेवला.

मग चतुर्थी आली. जालान तुकांग एमास, म्हणजे आपल्या भाषेत सोनार आळी. या रस्त्यावर १७८१ साली बांधलेलं विनायकाचं देऊळ आहे. चार पावलं पुढं मशीद, तिच्यापुढं चिनी देऊळ. गणपतीचं दर्शन घेऊन आले आणि मोदकांना बसले. बाजारातून तांदळाचं पीठ आणलं होतं. उकड काढली ती हाताला गोंदासारखी चिकटली. कशाबशा कळ्या पाडल्या, पण वाफवल्यावर सगळे मोदक भाकरीसारखे पसरले. मुलगी हसू दाबत म्हणाली, “आई, हे चिकट तांदळाचं पीठ आहे. याला इथं पुलुत म्हणतात.” नातू त्या पसरलेल्या गोळ्याकडे बघून आनंदानं ओरडला, “आजी, कोची!” आणि दोन खाल्ले.

मला राग आला. बाप्पाच्या मोदकाला हे कुठलं नाव? दुसऱ्या दिवशी त्याच रागात बाजारात गेले. न्योन्या पद्धतीचे, म्हणजे चिनी-मलाय मिश्र घरांतले पदार्थ विकणारी एक बाई बसते. तिनं केळीच्या पानाची पुडी उलगडून हातात ठेवली. ही ‘कुई कोची’. चिकट तांदळाच्या पिठाची पारी, आत नारळाचा चव आणि माडाचा गूळ, वर पान आणि मग वाफ. सारण मोदकाचं, बांधणी पातोळीची! शेजारी हिरवे गोळे होते, ‘ओंदे-ओंदे’. त्यात गूळ आत, खोबरं बाहेर, म्हणजे मोदक उलटा केलेला. पलीकडे ‘पुतु मायम’, तांदळाच्या शेवया, खोबरं आणि गुळाबरोबर. आपले शिरवाळेच ते. कुणी कुणाचं उचललं, हे विचारण्यात अर्थ नव्हता. तांदूळ, माड आणि केळीचं पान दोन्ही किनाऱ्यांवर आहे. ज्या गावात दुभत्यापेक्षा माड जास्त, तिथं पेढ्याऐवजी खोबऱ्याचाच गोडवा मुरणार.

निघता निघता त्या बाईनं एक काळसर, तकतकीत वडी चाखायला दिली. जिभेवर ठेवली आणि मी थेट म्हापशाच्या घरात पोचले. नाताळात शेजारच्या मावशी झाकलेल्या ताटलीतून पाठवायच्या तो दोदोल! तांदळाचं पीठ, नारळाचं दूध, माडाचा काळा गूळ, तासन् तास ढवळून आटवलेला. मी नाव विचारलं. ती म्हणाली, “दोदोल.”

गोवा १५१० साली आणि मलाक्का १५११ साली, दोन्ही अल्बुकर्कनं जिंकली. पुढं १६४१ साली डच येईपर्यंत मलाक्क्याचा कारभार गोव्याच्या हाताखाली चाले. ‘दोदोल’ हा शब्द मलाय-जावा भागातला. पोर्तुगीज जहाजांबरोबर नाव आणि कृती गोव्यात आली असावी, असं मानतात. म्हणजे ज्या चवीला मी लहानपणापासून ‘आमची’ म्हणत आले, ती या बाईच्या गावची होती. आणि मी मात्र तिच्याच गावात भारताची मिठाई शोधत हिंडत होते!

त्या संध्याकाळी मी नातवाला ‘मोदक म्हण’ असं दटावलं नाही. योग्य पीठ आणून मोदक केले, पुडीतली कोचीही वाढली आणि दोन्ही कशी करतात ते सांगितलं. त्यानं दोन्ही खाल्ली. कोची जरा जास्तच.

परतल्यावर पहिल्याच शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात गेले. दोदोल दिसला, पाव किलो घेतला. घरी येऊन नातवाला फोन लावला आणि सांगितलं, “अरे, तुझ्या गावचा खाऊ आमच्याकडेही मिळतो.”