लाकडाची की कार्बनची? गिटारखरेदीतला नवा पेच

जूनमध्ये मुंबई आणि कोकणच्या किनाऱ्यावर पाऊस स्थिरावला, की दारे चौकटीत अडकू लागतात, मिठाला पाणी सुटते आणि घरातल्या लाकडी गिटारचीही प्रकृती बिघडते. मे महिन्यात बोटांना सहज वश होणाऱ्या तारा जुलैत वर उचलल्यासारख्या वाटतात. एरवी निर्धोक वाजणारा बार-कॉर्ड दाबताना तर्जनी दुखू लागते. ब्रिजच्या मागे वरची फळी फुगलेली दिसते आणि दुर्लक्ष केले तर एके दिवशी ब्रिजखाली कागद सरकेल एवढी फट पडते. अशा दोन-तीन पावसाळ्यांनंतर अनेक वादकांच्या मनात कार्बन फायबरच्या गिटारचा विचार डोकावतो. ‘हवामानाचा परिणाम नाही, तडा नाही, देखभाल नाही’ अशी तिची ख्याती आहे. मात्र तिची किंमत पाहिल्यावर उत्साहाची जागा हिशेब घेतो. हा हिशेब नेमका कसा मांडावा, याविषयी मात्र जाहिरातींतून फारसे हाती लागत नाही.

मूळ दुखणे लाकडाच्या स्वभावात आहे. चांगल्या अकुस्टिक गिटारची वरची फळी अखंड स्प्रूस किंवा सिडार लाकडाची आणि जेमतेम अडीच ते तीन मिलिमीटर जाडीची असते. सहा पोलादी तारा मिळून तिच्यावर सुमारे सत्तर किलोचा ताण देतात. हवेतील ओलावा शोषून लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने प्रसरण पावते, फळीला बाक येतो आणि त्याबरोबर तारांची उंची वाढते. बहुतेक कंपन्या लाकडी गिटारसाठी ४५ ते ५५ टक्के सापेक्ष आर्द्रता योग्य मानतात. पावसाळ्यात किनारपट्टीवर हा आकडा ८०-९० टक्क्यांच्या घरात असतो. याउलट विदर्भात मे महिन्यातील दुपारी तो वीस टक्क्यांच्याही खाली उतरतो. तेथे लाकूड आकसते, फ्रेटची टोके कडेने बाहेर येऊन हाताला बोचतात आणि फळीला तडा जाण्याचा धोका असतो. नोकरीनिमित्त मुंबईहून नागपूरला बदली झालेल्या वादकाच्या गिटारला एकाच वर्षात दोन्ही टोके सोसावी लागतात. रात्रभर वातानुकूलन आणि दिवसभर उघड्या खिडक्या, हा शहरी रिवाज त्यात भरच घालतो.

हेलिकॉप्टरच्या कारखान्यातून

लाकडाला पर्याय शोधण्याची कल्पना अलीकडची नाही. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात हेलिकॉप्टर बनविणारे अभियंते चार्ल्स केमन यांनी १९६६ मध्ये ओव्हेशन गिटार बाजारात आणली. तिची गोलाकार पाठ काचतंतूंच्या मिश्रणाची होती. त्याच कंपनीने १९७६ मध्ये सादर केलेल्या ‘अडामस’ या गिटारच्या वरच्या फळीत बर्च लाकडाच्या पातळ पापुद्र्याला दोन्ही बाजूंनी कार्बन तंतूंचे थर दिले होते. पुढे हवाई बेटांवर वास्तव्य असलेले भौतिकशास्त्रज्ञ जॉन डेकर यांनी संपूर्णपणे कार्बनचे शरीर असलेली ‘रेनसाँग’ गिटार विकसित केली. दमट, पावसाळी बेटांवर तिचा जन्म व्हावा, यात नवल नाही. आयर्लंडमधील एमरल्ड आणि अमेरिकेतील मॅकफर्सन ही या क्षेत्रातील आणखी दोन जाणती नावे. गेल्या काही वर्षांत चिनी उत्पादकांनी लहान आकाराच्या, तुलनेने स्वस्त गिटार आणल्या आणि हा विषय हौशी वादकांपर्यंत पोहोचला.

अशी गिटार घडविण्याची पद्धत सुतारकामापेक्षा नौकाबांधणीला जवळची आहे. कार्बन तंतूंच्या कापडाचे थर साच्यात ठरावीक दिशांनी रचायचे, त्यांत इपॉक्सी राळ मुरवायची आणि उष्णता व दाब देऊन ती घट्ट करायची. तयार झालेले कवच ओलाव्याला जवळजवळ दाद देत नाही. जुलैतील आणि जानेवारीतील तारांची उंची सारखीच राहते, आणि या वाद्याचा खरा, निर्विवाद गुण तो हाच. मात्र तारा शेवटी पोलादाच्याच असतात. दमट हवेत त्या गंजतात, कडक उन्हात सैलावतात. त्यामुळे कार्बनची गिटार सुरातून उतरतच नाही, हा दुकानदारांचा दावा अतिशयोक्त आहे. ती लाकडी गिटारपेक्षा कमी उतरते, एवढेच खरे. ती पिसासारखी हलकी असते, ही समजूतही तपासून घ्यावी. कार्बनचे मिश्रण स्प्रूसपेक्षा तिपटीहून अधिक घन असते. फळी पातळ ठेवता येते म्हणूनच एकूण वजन आटोक्यात राहते. पूर्ण आकाराच्या अनेक कार्बन गिटारचे वजन लाकडी गिटारइतकेच, दोन किलोच्या आसपास भरते.

वाद सुराचा

खरा वाद आहे तो आवाजाचा. उत्तम फळी हलकी हवी आणि ताठही हवी. स्प्रूसमध्ये हे दोन्ही गुण आहेत, शिवाय ते रेषांच्या दिशेने ताठ आणि आडवे लवचिक असते. कार्बनमध्ये तंतूंच्या दिशा बदलून कारागीर हा समतोल स्वतः ठरवू शकतो. काही गिटारमध्ये तर फळीखालच्या आधारपट्ट्याही लागत नाहीत. लाकूड मात्र आणखी एक काम गुपचूप करते. वरच्या पट्टीतील तीव्र कंपने ते थोडी गिळून टाकते. आपण ज्याला ‘ऊबदार’ आवाज म्हणतो, त्यात या गिळण्याचा मोठा वाटा असतो. कार्बनच्या गिटारचा स्वर अधिक स्वच्छ, लखलखीत आणि दीर्घकाळ रेंगाळणारा वाटतो. बोटांनी एकेक तार छेडणाऱ्यांना तो मोहवतो. गाण्याला साथ म्हणून कॉर्ड वाजविणाऱ्यांना तोच कधी कधी कोरडा भासतो. यात कमी-अधिक ठरविणे व्यर्थ आहे. मात्र ‘लाकडासारखाच आवाज’ अशी अपेक्षा ठेवून कार्बन घेणारा बहुधा निराश होतो, तेव्हा ती अपेक्षा दुकानाच्या पायरीशीच सोडलेली बरी.

शिवाय काळाचाही प्रश्न आहे. अखंड लाकडाची गिटार वाजवून वाजवून खुलते, असा वादकांचा दृढ विश्वास आहे. मिरजेच्या जुन्या तंबोऱ्याविषयी आपल्याकडे जी भावना असते, तीच ही. या खुलण्यात लाकडाचा भाग किती आणि कानाच्या सवयीचा किती, यावर मतभेद आहेत. कार्बनची गिटार मात्र पहिल्या दिवशी वाजते तशीच विसाव्या वर्षीही वाजणार. कोणाला हे आश्वासन वाटेल, कोणाला शिक्षा.

खरेदीदाराची सर्वाधिक फसगत होते ती नावामुळे. ‘कार्बन फायबर’ हे शब्द आज फार सैलपणे वापरले जातात. विणलेल्या कापडाचे थर साच्यात रचून घडविलेले वाद्य निराळे आणि कार्बनचे बारीक तुकडे मिसळलेले प्लास्टिक साच्यात दाबून ओतलेले वाद्य निराळे. दुसऱ्या प्रकारची गिटारही ओलाव्याला टिकते, प्रवासाला उपयोगी पडते आणि किमतीच्या मानाने वाईट नसते. तिचा आवाज आणि ताठपणा मात्र पहिल्या प्रकाराच्या तोडीचा नसतो. काही गिटारमध्ये केवळ वरची फळी कार्बनची आणि बाकी शरीर अन्य मिश्रणाचे असते. काहींत कार्बन आणि काचतंतू यांचा संकर असतो. पृष्ठभागावरील चौकटीच्या नक्षीवर विसंबू नये, कारण ती छापताही येते. फळी, पाठ आणि नेक हे तिन्ही भाग कशाचे आहेत, हे स्वतंत्रपणे विचारावे.

दुरुस्तीची बाजूही दुबळी आहे. लाकडी गिटारचा उखडलेला ब्रिज पुन्हा बसविणारे, तडा सांधणारे कारागीर मोठ्या शहरांत सापडतात. कार्बनच्या कवचाला तडा गेला तर त्याला हात घालणारे विरळाच. काही कार्बन गिटारच्या नेकमध्ये ट्रस रॉड, म्हणजे नेकचा बाक कमी-जास्त करणारी सळई, नसते. नेक हलतच नाही, मग सळई हवी कशाला, हा उत्पादकांचा युक्तिवाद चुकीचा नाही. पण जाड तारा लावल्या किंवा मुळातच जुळणी मनाजोगती नसली, तर सुधारणेला वाव उरतो तो केवळ सॅडल आणि नट यांपुरता. फ्रेट येथेही झिजतात आणि कधी तरी बदलावे लागतातच. ज्या गिटारमध्ये स्पर्श-पडदा, बॅटरी आणि अंतर्गत इफेक्ट असतात, तिच्याबाबत अधिक सावध राहावे. कवच वीस वर्षे टिकेल, बॅटरीचे काय?

पर्यावरणाचा मुद्दा वाटतो तितका सरळ नाही. ब्राझिली शिसव दुर्मीळ झाल्यावर मार्टिन या अमेरिकी कंपनीने १९६९ मध्ये भारतीय शिसवाचा स्वीकार केला आणि तेव्हापासून जगातील असंख्य गिटारची पाठ दक्षिण भारतातील जंगलांतून येते. ब्राझिली शिसवाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९९२ मध्ये कठोर निर्बंध आले. २०१७ मध्ये ‘साइट्स’ करारान्वये शिसवाच्या सर्व प्रजातींवर परवान्याचे बंधन आले. पुढे २०१९ मध्ये ब्राझिली शिसव वगळता तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. कार्बनची गिटार या कटकटीपासून मुक्त आहे. मात्र तिचे तंतू खनिज तेलापासून बनलेल्या पदार्थाला हजार अंशांहून अधिक तापवून तयार होतात आणि वाद्य निकामी झाल्यावर त्याचा पुनर्वापर अवघड असतो.

आता प्रश्न पैशांचा. नामांकित पाश्चात्त्य कंपन्यांच्या पूर्ण आकाराच्या कार्बन गिटार साधारण दीड ते चार हजार डॉलरच्या दरम्यान मिळतात. भारतात त्यावर सीमाशुल्क, कर आणि वाहतूक चढते. मुंबईत धोबी तलावच्या वाद्यबाजारातही अशा गिटार हाताळून पाहण्याची सोय मर्यादित असल्याने अनेकदा न वाजवताच मागणी नोंदवावी लागते. जुनी विकायची झाल्यास गिऱ्हाईकही मोजकेच.

म्हणूनच नवशिक्याने या वाटेला जाऊ नये. त्याच्या हातातील गिटार बहुधा प्लायवूडच्या धर्तीवर थर चिकटवलेली असते. तिचा आवाज सामान्य असला, तरी ती पावसाळा बऱ्यापैकी सोसते. घरातच वाजविणाऱ्या आणि अखंड लाकडाचा स्वर प्रिय असलेल्या वादकालाही घट्ट बंद होणारी कडक पेटी, आत आर्द्रता नियंत्रित करणारी पाकिटे आणि एक साधा आर्द्रतामापक एवढ्यावर भागवता येते. गोव्यातील समुद्रकिनाऱ्यावरच्या शॅकमध्ये रोज संध्याकाळी वाजविणारा, उघड्या मंचावर कार्यक्रम करणारा, सतत विमानाने फिरणारा यांचे गणित मात्र वेगळे. कॅनडाचे गायक डेव्ह कॅरोल यांची लाकडी गिटार २००८ मध्ये विमानप्रवासात मोडली आणि त्यावर रचलेले त्यांचे गाणे २००९ मध्ये जगभर गाजले. प्रत्येकाच्या मोडलेल्या गिटारला असे भाग्य लाभत नाही. अशा वादकांना कार्बनची गिटार दुसरे, कामाचे वाद्य म्हणून घेता येईल आणि लाकडी गिटार घरी सुरक्षित राहील.

जे अजून दोलायमान आहेत, त्यांनी काही शे रुपयांचा आर्द्रतामापक आणून तो गिटारच्या पेटीत ठेवावा आणि जून ते सप्टेंबर दर आठवड्याला आकडा टिपावा. पाकिटे बदलूनही तो साठच्या खाली येत नसेल आणि तारा दर पावसाळ्यात वर उचलल्या जात असतील, तर ऑक्टोबरमध्ये कार्बनची गिटार पाहायला निघण्यास हरकत नाही. जाताना स्वतःची लाकडी गिटार बरोबर न्यावी, नेहमीच्याच तारा लावून दोन्ही वाजवाव्यात, आणि एकदा डोळे मिटून दुसऱ्याला वाजवायला सांगून समोर बसून ऐकावे.