बाटलीतली बुटकी रोपं

सांगली जिल्ह्यातलं कडेगाव म्हटलं की मोहरमचे गगनचुंबी ताबूत आठवतात. पण इथून तासगावपर्यंतच्या द्राक्षपट्ट्यात उंची आवरण्याचीही विद्या आहे. वेल माजू नये, पेरं आखूड राहावीत, म्हणून एप्रिल छाटणीनंतर लिहोसीन हे वाढरोधक फवारतात. टिश्यू कल्चरच्या बाटलीत शोभेच्या रोपांवर अशीच औषधं काय करतात, ते तर फारच गमतीचं आहे.

वेडं रोप. जपानमध्ये भाताची काही रोपं ताडमाड वाढून कोलमडायची. रोगाचं नाव ‘बाकानाए’, म्हणजे वेडं रोप. हे एका बुरशीच्या स्रावाचं काम, असं १९२६ मध्ये शास्त्रज्ञ कुरोसावा यांनी दाखवलं. त्यातूनच पुढे जिब्रेलिन हाती लागलं. ऑक्टोबर छाटणीनंतर मणी फुगवायला वापरतात तो ‘जीए’ हाच! लिहोसीन रोपाच्या अंगात तयार होणारं हेच जिब्रेलिन अडवतं. म्हणजे आपला बागायतदार एकाच वर्षात लगामही ओढतो आणि टाचही मारतो.

शेवंतीचा रेनकोट. बाटलीतली हवा दमट. तिथं पानांच्या रंध्रांना मिटायची सवयच लागत नाही, वरचा मेणाचा थरही पातळ राहतो. रोप बाहेर काढलं की मान टाकतं. १९९० च्या सुमारास ब्रिटनमधल्या संशोधकांनी शेवंतीच्या बाटलीत पॅक्लोब्युट्राझोल हे वाढरोधक घातलं. आंब्याला देतात ते कल्टार हेच. प्रमाण लिटरला जेमतेम काही मिलिग्रॅम. मेण वाढलं, रंध्रं मिटू लागली, कोमेजणं कमी झालं. माझ्या मते या औषधाचा खरा मोठेपणा हाच. रोप देखणं दिसतं, त्याहून ते हार्डनिंगमध्ये, म्हणजे बाहेरच्या हवेत रुळताना, तगतं हे मोलाचं.

ग्लॅडिओलसचे गुच्छ. पातळ माध्यमात ग्लॅडिओलसची पानं लांबुडकी, पाणी भरलेली, काचेसारखी होतात. इस्रायलच्या संशोधक मेइरा झिव यांनी वाढरोधक घालताच पानांऐवजी कळ्यांचे घट्ट गुच्छ आले आणि त्यांतून छोटे कंद.

भाऊबंदकी. हेक्झाकोनॅझोल, टेब्युकोनॅझोल ही बुरशीनाशकं पॅक्लोब्युट्राझोलच्याच ट्रायझोल घराण्यातली.

या वाढरोधकांची मात्रा चुकली तर रोप मातीत गेल्यावरही खुरटलेलंच राहतं. आणि नर्सरीतून आणलेली ठेंगणी शेवंती पुढच्या वर्षी उंच गेली, तर तुमचं काही चुकलेलं नाही. औषधाचा अंमल उतरलेला असतो.